झोटवाड्याच्या डब्याची रेघ सरळ न करण्याबाबत

दिनांक : १८ फेब्रुवारी २०२५
झोटवाडा, जयपूर

प्रति,
मा. संचालक,
पर्यावरण विदा दृश्यांकन संस्था,
पुणे

अर्जदार : शेषराव दौलत गजभिये, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक (रेल्वे)

विषय : 'हवापट' या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत झोटवाडा येथील डब्याच्या जुन्या नोंदी न गाळता मूळ स्वरूपात राहू देण्याबाबत विनंती.

संदर्भ : १. सदर डबा सदोष ठरवल्याचे आपले पत्र.
२. शेजारच्या कारखान्याच्या धुराविषयी मी केलेले आधीचे सर्व अर्ज (जे मी या अर्जाद्वारे मागे घेत आहे).

महोदय,

आपल्या पत्राखालची सही मला नीट वाचता आली नाही. त्यामुळे वरील संबोधन चुकले असल्यास, म्हणजे आपण महोदया असल्यास, आधीच क्षमा मागतो. नोकरीत असताना मी इतरांना बदलीचे, रजेचे, निवृत्तिवेतनाचे पुष्कळ अर्ज लिहून दिले. स्वतःसाठी लिहिताना हात अडखळतो. त्यात पोटच्या मुलीच्या कार्यालयाला लिहायचे, तर कोणत्या नात्याने लिहावे हेही समजत नाही. तरी सविस्तर निवेदन पुढीलप्रमाणे.

१. मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला. रेल्वेत बदली होऊन जयपूरला आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. माझी एकुलती एक मुलगी कु. गौतमी आपल्या संस्थेच्या जयपूर शाखेत 'हवापट'च्या कामावर होती. 'हवापट' म्हणजे काय हे मी आपल्याला सांगणे हास्यास्पद आहे. परंतु हा अर्ज आपल्यापर्यंत पोचण्याआधी आणखी काही टेबलांवर थांबेल हे अनुभवाने माहीत आहे, म्हणून त्या टेबलांसाठी लिहितो. शहरात ठिकठिकाणी हवेतली धूळ, धूर, उष्णता आणि आर्द्रता मोजणारे छोटे डबे बसवलेले आहेत. ते मिनिटामिनिटाला आकडे पाठवतात. 'हवापट' त्या आकड्यांचे नकाशावर रंगीत ठिपके करते, आणि ठिपक्यावर बोट ठेवले की वरखाली जाणाऱ्या रेघा दाखवते. ज्याला आकडे समजत नाहीत त्यालाही आपल्या गल्लीतली हवा डोळ्यांनी दिसावी, एवढाच हेतू. त्यातला झोटवाड्याचा ठिपका म्हणजे आमच्या गच्चीवरचा डबा. जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर, सावलीच्या बाजूला, तो गौतमीने स्वतःच्या हाताने बसवला.

२. गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, गौतमीला ताप आला. तपासणीत डेंग्यू निघाला. रुग्णालयात नेले. तिथून ती परत आली नाही. आपल्या संस्थेचे शोकपत्र वेळेवर मिळाले होते. त्याची पोच देण्याचे राहून गेले, ती या अर्जाने देत आहे.

३. गौतमीचा फोटो बैठकीत लावावा असे माझे मत होते. माझी पत्नी सौ. यमुना हिला ते जमेना. बैठकीत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. तिथे रोज मेणबत्ती लावताना शेजारी मुलीचा चेहरा बघणे तिच्याने होईना. तिने फोटो गच्चीवर नेला आणि डब्याच्या खालच्या कोनाड्यात ठेवला. डब्यावर एक हिरवा दिवा सारखा लुकलुकत असतो. घरात गौतमीचे कपडे होते, पुस्तके होती, स्कूटर होती, पण आपले काम करीत असलेली तिची वस्तू तेवढी एकच होती. यमुना तिथे सकाळ-संध्याकाळ अगरबत्ती लावू लागली. मी तिच्या मागे उभा राहत असे.

४. त्याच सुमारास आमचा ठिपका रोज सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी गडद विटकरी-लाल होऊ लागला. गल्लीतल्या लोकांनी मोबाइलवर पाहिले. शेजारचे शेखावतजी भाजीवाल्यासमोर मला म्हणाले, "शेषरावजी, पूरे जयपुर में आपकी छत सबसे लाल है, मुबारक हो!" मागच्या गल्लीत नळांना पॉलिश करण्याचा एक लहान कारखाना आहे. मला त्याचा संशय आला. वाचण्याची सवय आहे, त्यामुळे मी प्रदूषणाचे नियम मिळवून वाचले आणि आपल्याकडे लागोपाठ अर्ज केले, की सदर कारखाना तपासणी चुकवण्यासाठी नेमक्या पहाटेच्या व दिवेलागणीच्या वेळी धूर सोडतो. कारखाना बंद असताना, रविवारीही, ठिपका लाल झाला. तेव्हा मी थांबायला हवे होते. त्याऐवजी 'कारखाना सुटीच्या दिवशी चोरून चालवला जातो' असा पुरवणी अर्ज मी केला. त्यातली भाषा कडक होती. ती आता वाचवत नाही.

त्या अर्जांवरून आपल्या जयपूर शाखेतले श्री. अनिमेष पाहणीसाठी आले. ते गौतमीच्या शेजारच्या टेबलावर बसत. ते गच्चीवर पोचले तेव्हा यमुनाने अगरबत्ती नुकतीच लावली होती आणि धूर सरळ डब्याच्या जाळीत शिरत होता. ते म्हणाले, "अंकल, आपकी फैक्टरी मिल गई." मग त्यांचे लक्ष कोनाड्यातल्या फोटोकडे गेले. त्यानंतर ते चष्मा काढून पुसत राहिले. चहा न घेता गेले. त्यांनी आपल्याला पाठवलेला अहवाल अगदी बरोबर आहे आणि त्याविषयी माझी काही तक्रार नाही.

कारखान्याच्या मालकांकडे मी स्वतः जाऊन क्षमा मागितली. त्यांनी खुर्ची दिली, सगळे ऐकून घेतले, आणि निघताना अगरबत्तीचा एक मोठा पुडा माझ्या हातात ठेवला. तो टोमणा होता की सांत्वन, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पुडा तसाच आहे.

५. आपल्या पत्रात दोन निर्णय कळवले आहेत. पहिला, सदर डबा सदोष समजण्यात येईल. तो मला मान्य आहे. दुसरा असा, की नवी आवृत्ती सुरू होताच या डब्याच्या पहिल्या दिवसापासूनच्या सर्व नोंदी गाळणीतून काढल्या जातील. अचानक वर गेलेले उंचवटे पुसून रेघ सरळ केली जाईल आणि मूळ आकडे ठेवले जाणार नाहीत. माझा अर्ज या दुसऱ्या निर्णयाविषयी आहे.

अगरबत्ती आम्ही बंद केली आहे. फोटो खाली आणला आहे. दिवाळीनंतरचे लाल उंचवटे आपण जरूर काढून टाकावेत. ते आमच्या घरातल्या दुःखाचे आकडे आहेत, जयपूरच्या हवेचे नाहीत, आणि लोकांना ते दाखवणे योग्य नाही. माझे म्हणणे फक्त त्याआधीच्या नोंदींपुरते आहे. त्यातही धुराच्या रेघेविषयी माझे काही म्हणणे नाही. आर्द्रतेच्या रेघेविषयी आहे.

६. ते नीट कळावे म्हणून थोडे घरगुती लिहावे लागत आहे. गौतमी आपल्या रेघा आणि रंग आधी आईवर तपासून बघत असे. यमुना चौथीपर्यंत शिकलेली. गौतमी मोबाइल तिच्यासमोर धरून विचारी, "आई, हे बघून तुला काय वाटतं?" यमुना म्हणे, "दवाखान्याच्या पडद्यासारखा रंग वाटतो." गौतमी तो रंग बदली. पुन्हा विचारी. असे कितीतरी दिवस चालले. एकदा ठिपका बघून यमुना म्हणाली, "दार लावून घ्यावंसं वाटते." गौतमीने खुर्चीतून उडी मारली. "बस! हेच पाहिजे होतं मला! आई, तू मतलब आमची सगळ्यात मोठी साइंटिस्ट आहेस!" यमुनाने तिला लाटणे दाखवले. आज आपल्या 'हवापट'मध्ये हवा वाईट असताना जो विटकरी रंग दिसतो, तो या प्रकारे ठरलेला आहे. आपल्या दप्तरी याची नोंद नसेल, म्हणून कळवले.

७. आता मूळ मुद्दा. डब्याच्या जाळीवर धूळ बसते. गौतमी सुटीच्या दिवशी वर जाऊन ती ब्रशने झाडत असे. झाडून झाले की डबा चालतो ना हे बघायला ती जाळीजवळ तोंड नेऊन जोरात श्वास सोडी, आपण आरशावर सोडतो तसा. श्वासात ओलावा असतो. जयपूरच्या कोरड्या हवेत आर्द्रतेची रेघ तळाशी आडवी पडलेली असते. तिच्यात थोड्याच वेळाने एक लहानसा उंचवटा उभा राही. यमुना खाली स्वयंपाकघरात मोबाइल ओट्याला टेकवून बघत असे. गच्चीवरून गौतमी ओरडे, "आई, आला का?" खालून यमुना ओरडे, "आला गं!" कधी यमुना मुद्दाम म्हणे, "नाही आला." तेव्हा वरून येई, "खोटं नको बोलू हं! मला इथे दिसतंय!" मग विचारायचे कशाला, असे मी एकदा म्हणालो होतो. पुढच्या सुटीला दोघी पुन्हा तेच ओरडल्या. या आरडाओरड्याचा मला त्या काळी थोडा त्रास होत असे, कारण मी वाचत बसलेला असे.

असे उंचवटे रेघेवर बरेच आहेत. पावसाळ्यातले दिसत नाहीत, तेव्हा हवेतच पाणी असते. शेवटचा उंचवटा ऑक्टोबरातल्या रविवारचा आहे, तिला ताप येण्याच्या आधीचा. त्या दिवशी हवा फार कोरडी होती. तो सर्वांत स्पष्ट दिसतो.

आमच्याकडे गौतमीचे फोटो आहेत. फोनमध्ये तिचा आवाज आहे. श्वास मात्र आपल्या सॉफ्टवेअरखेरीज कुठेही राहिलेला नाही.

८. या ठिकाणी माझी बाजू लंगडी पडते, ते मी प्रामाणिकपणे नमूद करतो. आपल्या पत्रात लिहिले आहे की ही गाळण्याची पद्धत 'आमच्या दिवंगत सहकारी कु. गौतमी गजभिये यांनीच तयार केलेली आहे'. ते वाक्य वाचल्यावर मी पत्र बाजूला ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुढे वाचले. परंतु ते मला ठाऊक नव्हते असे नाही. तिने जेवताना ते समजावून सांगितले होते. "बाबा, जे एकदाच होतं ना, ते हवेचं नसतं. मतलब कोणीतरी जवळ येऊन काहीतरी केलेलं असतं. ते काढून टाकायचं, मग लोकांना खरी हवा दिसते." मी विचारले होते, मग तुझी ती फुंकर? ती हसली. म्हणाली, "ती पण जाणार! मी कोण लागून गेले?"

म्हणजे हा अर्ज मी तिच्याच कामाच्या विरोधात करीत आहे. शास्त्र तिच्या बाजूचे आहे, नियम तिच्या बाजूचा आहे, आणि ती हयात असती तर तिने हा अर्ज मला पाठवू दिला नसता. वादात मी तिच्यापुढे कधी टिकलो नाही. आताही टिकेन असे वाटत नाही. एवढेच म्हणावेसे वाटते, की कोणीतरी जवळ येऊन काहीतरी केले होते, हे तर खरे आहे.

९. आपली अडचण कमी व्हावी म्हणून काही पर्याय सुचवतो. त्यांतले किती शक्य आहेत हे मला कळत नाही. संगणकाचे माझे ज्ञान पुस्तकी आहे, आणि ती पुस्तकेही जुनी आहेत.

(अ) आर्द्रतेची जुनी रेघ लोकांना दाखवू नये, परंतु पुसूही नये. कोणालाही न दिसता ती आपल्याकडे पडून राहिली तरी चालेल. आम्हालाही दाखवू नये. आहे एवढे माहीत असले तरी पुरे.

(आ) सर्व रेघ ठेवणे शक्य नसल्यास फक्त ऑक्टोबरातला तो रविवार ठेवावा. रविवारही मोठा होत असल्यास सकाळ ठेवावी.

(इ) नकाशावरून झोटवाड्याचा ठिपका काढून टाकला तरी चालेल. शेखावतजींची करमणूक बंद होईल, दुसरे काही होणार नाही.

(ई) नव्या आवृत्तीत 'ही नोंद एका व्यक्तीची आहे, हवेची नाही' अशी तळटीप देता आल्यास शास्त्राचीही हानी होणार नाही. असे कोणी कधी केले आहे का, याचा शोध मी घेतला. मला तसे उदाहरण सापडले नाही.

वरीलपैकी एखादा पर्याय लिहिताना मर्यादा सुटली असल्यास तो वाचला नाही असे समजावे.

१०. आणखी एक गोष्ट कळवणे कर्तव्य समजतो, कारण तीही नोंदीत आलेली आहे आणि आपण ती पाहून पुन्हा पाहणी कराल. अगरबत्ती बंद केल्यावर जाळीवरचे काजळ काढावे असे श्री. अनिमेष यांनी फोनवर सांगितले होते. म्हणून मागच्या आठवड्यात मी ब्रश घेऊन वर गेलो. जाळी साफ केली. डबा चालतो की नाही हे मला दुसऱ्या कोणत्या रीतीने बघता येत नाही. मी जाळीजवळ तोंड नेले आणि श्वास सोडला. मला दमा आहे, त्यामुळे माझा उंचवटा बुटका आणि पसरट आला आहे. दोन्हींत घोटाळा होण्यासारखा नाही.

यमुना खाली स्वयंपाक करीत होती. मी वर जातो आहे हे मी तिला सांगितले नव्हते. मोबाइल ओट्याला टेकवून ठेवण्याची तिची सवय गेलेली नाही, हे मला माहीत नव्हते.

खालून आवाज आला, "आला गं!"

मी लगेच खाली उतरलो नाही. उतरलो तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिने मला वाढले. माझ्या हाताला काजळ लागले होते, ते तिने पाहिले. तो उंचवटा आपण नक्की काढून टाकावा. त्याबाबत माझी लेखी संमती समजावी. पुन्हा असे होणार नाही.

११. वरील सर्व विचारात घेऊन आपण योग्य तो निर्णय घ्याल. तो आमच्या विरुद्ध गेला तरी मी वरिष्ठांकडे अपील करणार नाही. तशी माझी प्रकृती नाही, आणि गौतमीला ते आवडले नसते. मात्र निर्णय तसा असल्यास एक शेवटची विनंती आहे, आणि ती मान्य करण्यात काही नियम आड येईल असे मला वाटत नाही. नवी आवृत्ती कोणत्या दिवशी आणि साधारण कोणत्या वेळी सुरू होणार आहे, ते आम्हाला आगाऊ कळवावे. रुग्णालयात आम्हाला बाहेर बसवले होते. कळले तेव्हा सगळे होऊन गेले होते. या वेळी आम्ही दोघे मोबाइल समोर ठेवून आधीपासून बसून राहू. यमुनाला आलेख समजत नाही. पण तो उंचवटा पडद्यावर कुठे आहे हे तिला न बघता सांगता येते. ती तिथे बोट ठेवील. बोट ठेवल्याने काही थांबत नाही हे मी तिला समजावून सांगितले आहे.

कळावे, आणि उत्तर आले नाही तरी गैरसमज नसावा.

आपला नम्र,
आपल्या एका दिवंगत सहकाऱ्याचा पिता,

(सही)
शेषराव दौलत गजभिये

सोबत :
१. आपल्या पत्राची छायाप्रत.
२. कारखान्याविरुद्धचे अर्ज मागे घेत असल्याचे स्वतंत्र पत्र. त्याची एक प्रत मालकांना दिली आहे.
३. ऑक्टोबरातल्या त्या रविवारच्या आर्द्रतेच्या रेघेची छापील प्रत. दुकानातल्या यंत्रात रंग नसल्यामुळे ती काळी आली आहे. उंचवट्याभोवतीचे पेन्सिलीचे वर्तुळ माझ्या पत्नीने काढले आहे. ते आवश्यकतेपेक्षा मोठे झाले असून आजूबाजूची बरीच साधी हवाही त्यात आली आहे. तरी ते खोडू नये, आणि काम झाल्यावर ही प्रत कृपया परत पाठवावी. परतीचे तिकीट लावलेले पाकीट जोडले आहे.